उदय, जेट मी बदलले होते

उदय, शनिवारी तुझं मशीन बघायला गिऱ्हाईक येतंय. अनघानं मला बोलावलंय, कारण बर्फावर पळणारी ही स्नोमोबाइल सुरू कशी करायची, चोक किती ओढायचा, हे आता तुमच्या घरात कुणालाच येत नाही. आज गुरुवार. लंच अवर आहे, मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत हीटर लावून बसलोय आणि मांडीवर पॅड घेऊन तुला लिहितोय. डबा उघडलाही नाहीये. शनिवारच्या आत मला अनघाला एक गोष्ट सांगायची आहे. इतके दिवस ती दोघांना माहीत होती, तुला आणि मला. आता मला एकट्यालाच माहीत आहे.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. तेराव्याला तुमच्या घरी तीसएक माणसं होती. दारात बुटांचा आणि जॅकेटांचा ढीग, किचनमध्ये कुणीकुणी आणलेले भाजीचे ट्रे. अनघा सोफ्यावर बसली होती, शेजारी मेपल ग्रोव्हला राहणाऱ्या काकू. अनघा त्यांना सांगत होती, "काकू, निष्काळजीच होता हो तो. नवंकोरं मशीन आणलं, महिन्याभरात फुंकून टाकलं. वाचायचं नाही, विचारायचं नाही, नुसती घाई. शरीराचंही तेच केलं बघा." तुझी सई जिन्यात बसली होती. अकरा वर्षांची झाली आता ती. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "डॅड नेव्हर रेड द मॅन्युअल." बोलताना हसायचा प्रयत्न करत होती, आणि तेच बघवत नव्हतं. माझ्या हातात चहाचा पेपर कप होता. तो मी तसाच बेसिनमध्ये ओतला आणि घरी निघून आलो.

तू आणि निष्काळजी! अरे, कुकरच्या शिट्टीचं माहितीपत्रक वाचणारा माणूस तू. कराडला होस्टेलवर आपण चार वर्षं एका खोलीत काढली, तेव्हा पंख्याचा रेग्युलेटर आणलास तर त्याच्या खोक्यावरचं बारीक अक्षरातलं सगळं तू मोठ्यानं वाचून दाखवलं होतंस. मी सांगलीचा, हातात पाना घेऊनच जन्माला आलेला. तू नागपूरचा, आधी वाचणार, मग बघणार, मग पुन्हा वाचणार. मी म्हणायचो, अरे खोल तर आधी! तू म्हणायचास, "थांब ना बे. ज्यानं बनवलं त्यानं काहीतरी लिहिलं असेल ना." आणि आता तुझ्या स्वतःच्या घरात तुझी ओळख काय, तर घाई करून मशीन जाळणारा माणूस. ती ओळख माझ्यामुळे झाली.

दोन हजार चारच्या डिसेंबरात तू ते मशीन घेतलंस. सगळे उबदार गावं शोधत होते तेव्हा. कुणी अर्विंगला गेलं, कुणी ॲरिझोनाला. तुझा क्लायंटही तिकडे टेक्ससमध्ये, अर्विंगलाच होता, तरी तू इथलं बर्फाळ ईडन प्रेरी सोडायला तयार नव्हतास. "वर्षातले पाच महिने खिडकीतून बर्फाकडे बघत बसायचं असेल तर इथं राहायचं कशाला?" असं तू म्हणालास आणि सहा महिने ब्रोशर वाचून एक साधं, हवेनं थंड होणारं, दोन कार्ब्युरेटरचं टू-स्ट्रोक मशीन निवडलंस. अनघानं एकच अट घातली. नीट शीक, स्वतः चालव, खात्री पटली की मग सईला मागे बसव. सई तेव्हा आठ वर्षांची होती. तिनं तिचं हेल्मेट तुझ्याआधी निवडून ठेवलं होतं, जांभळं.

मशीन घरी आलं त्या दिवशीची पूजा आठवते का? बाहेर उणे आठ फॅरनहाइट. गॅरेजचं दार उघडं ठेवून अनघानं हळदकुंकू वाहिलं, हुडवर स्वस्तिक काढलं. नारळ रात्रभर गॅरेजातच राहिला होता, तो आतून गोठलेला. तू चार वेळा आपटलास, फुटेना. शेवटी मी हातोडा घातला तेव्हा आतून पाण्याऐवजी बर्फाचा गोळा निघाला आणि सईनं तो उचलून चोखायला सुरुवात केली. मशीनच्या खालच्या रबरी पट्ट्याखाली लिंबू ठेवलं होतं. तू थ्रॉटल जरा दाबलंस, तसं ते लिंबू न चिरडता मागून गोळीसारखं सुटलं आणि शेजारच्या डॅरिलच्या मेलबॉक्सवर धाडकन आदळलं. डॅरिल फावडं घेऊन उभा होता. तो म्हणाला, "इज दॅट फॉर लक?" तू म्हणालास, "फॉर ट्रॅक्शन." मी इतका हसलो होतो की पोटात दुखायला लागलं. त्या डॅरिलनंच मग आपल्याला उत्तरेकडच्या तळ्यावरचं त्याचं केबिन वापरायला दिलं.

पहिल्यांदा तळ्यावर नेलं तेव्हा तू मला आधी बसायला दिलंस. मी म्हटलं, अरे तुझं मशीन! तर म्हणे, "तुला टू-स्ट्रोक कळतं, तू सांग कसं वाटतं." खरं सांगतो, पहिल्या दहा मिनिटांत मला काही कळलंच नाही. गिअर नाही, क्लच नाही, उजव्या अंगठ्याखाली एक लिव्हर, तेवढंच थ्रॉटल. जरा दाबला की आधी नुसता आवाज चढतो, मग बेल्ट पकडतो आणि खालून कुणी ढकलल्यासारखं मशीन निघतं. हँडल वळवलं की पुढच्या दोन स्की वळतात, मशीन वळत नाही. त्यासाठी स्वतः आतल्या बाजूला झुकावं लागतं, आणि मी मोटारसायकलच्या सवयीनं भलतीकडेच झुकत होतो. हँडलच्या मुठी आतून गरम आणि नाक बधिर. हेल्मेटच्या काचेवर माझाच श्वास गोठत होता. आणि त्यात तो वास आला रे, जळक्या टू-टी ऑइलचा, होस्टेलच्या मागच्या शेडमधला. हजारो कोसांवर, गोठलेल्या तळ्याच्या मधोमध, मला एकदम वीस वर्षांचं झाल्यासारखं वाटलं. परत आलो तेव्हा तू विचारलंस, "कसं आहे?" मी म्हटलं, मशीन भारी आहे, पण सरळ चालत नाही आणि पेट्रोल पितंय.

सरळ का चालत नाही ते तू शोधून काढलंस. कडक बर्फावर स्की आपोआप डावी-उजवीकडे पळत होत्या. तू दोन्ही स्कींची पुढची आणि मागची अंतरं टेपनं मोजलीस, वहीत लिहिलीस, एक पाव इंचानं वाकडी निघाली. मग पट्टा किती सैल आहे ते बघितलंस, मागचे स्प्रिंग तुझ्या वजनाला लावलेस. तुझं वजन तू खोटं सांगितलंस आणि दोनदा लावावे लागले, हे मी अनघाला अजून सांगितलेलं नाही. प्रत्येक बदलानंतर तळ्यावर एकच सरळ फेरी मारायची आणि एकच गोष्ट बदलायची, असा तुझा नियम होता. माझा जीव जात होता. पहिल्या टाकीत पेट्रोलमध्ये जादा ऑइल, आणि दोन टाक्या संपेपर्यंत अंगठा अर्ध्याच्या वर दाबायचा नाही, कारण पुस्तकात तसं लिहिलंय. तू दोन टाक्या अक्षरशः म्हाताऱ्यासारखं मशीन चालवलंस.

आणि मला त्या धुराची खाज सुटली. निळा धूर, काळे ओले प्लग. आपल्याकडे असलं टू-स्ट्रोक कुणाच्या दारात उभं राहिलं तर पहिला प्रश्न काय? ॲव्हरेज किती देते! नवी गाडी शोरूममधून निघाली की आधी मिस्त्रीकडे न्यायची, पेट्रोल कमी करून घ्यायचं, प्लगचा रंग चहासारखा आला की मग घरी. होस्टेलवर निम्म्या पोरांच्या गाड्या मीच तशा करून दिल्या होत्या. एकाचीही तक्रार आली नाही. कराडात उणे वीस कधी असतं?

जानेवारीत तू आठवडाभर सॉफ्टवेअरच्या रिलीजसाठी क्लायंटकडे अर्विंगला गेलास. मशीन डॅरिलच्या केबिनवर होतं. शनिवारी तो मला गाडीतून घेऊन गेला. तो बर्फाला भोक पाडून मासे धरत बसला आणि मी दोन्ही कार्ब्युरेटर खोलले. आतले मेन जेट, पेट्रोल मोजून सोडणारे, पितळी, चण्याएवढे, काढले आणि त्यांच्या जागी दोन मापं लहान घातले. आदल्या दिवशी डीलरच्या काउंटरवरून विकत आणले होते. हुडखाली तक्ता चिकटवलेला होता, कुठल्या थंडीला कुठला जेट. मी तो बघितला, उदय. बघितला आणि मनात म्हटलं, हे कंपनीवाले घाबरट असतात. त्या दिवशी हवा सौम्य होती, पंचवीस-तीस डिग्री फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम पाणी गोठण्याइतकी. मशीन असलं सुरेल चाललं की काय सांगू. धूर गायब, प्लग एकदम चहाच्या रंगाचे. मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला! ठरवलं, तुला आधी सांगायचं नाही, तू आलास की आधी चकित होऊ दे.

पुढच्या शनिवारी आपण सगळे केबिनवर गेलो. रात्रीत पारा घसरला होता, सकाळी उणे बावीस. तुझ्या दोन टाक्या संपल्या होत्या, पूर्ण अंगठा दाबायचा पहिला दिवस. तू काठाकाठानं एक चक्कर मारून आलास, काच वर केलीस आणि ओरडलास, "शेखर, आज काय पळतंय रे हे!" मी हसलो. तेव्हा सांगायचं होतं. चार शब्दांचं काम होतं. मला तुझ्या तोंडून अजून थोडं कौतुक ऐकायचं होतं. तू वळलास आणि तळ्याच्या लांबीवर सरळ सुटलास. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि एका क्षणात बंद झाला.

थंड हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं. मी ते कमी करून ठेवलं होतं. पिस्टन तापून सिलिंडरला धरला आणि इंजिन सीज झालं. तू पलीकडच्या काठाला, दोन मैलांवर. सेलफोनला सिग्नल नव्हता. प्लग काढायला, दोरी ओढायला तू ग्लोव्ह काढलेस आणि मग चालत निघालास. डॅरिलनं ट्रक काढून तुला शोधून आणलं तेव्हा तुझ्या उजव्या हाताची दोन बोटं मेणासारखी पांढरी होती. अनघा ती कोमट पाण्यात धरून बसली होती, रडत नव्हती, नुसती बडबडत होती. मी सरपण आणतो म्हणून बाहेर गेलो आणि केबिनच्या मागे उभा राहिलो. 

डीलरकडे आपण तिघं गेलो. मेकॅनिकनं खरवडलेला पिस्टन दाखवला, मग कार्ब्युरेटर उघडला, जेट तळहातावर घेतले आणि म्हणाला, "समबडीज बीन इन हिअर." अनघानं तुझ्याकडे बघितलं. तू त्या जेटांकडे बघत होतास. माझ्याकडे तू पाहिलंच नाहीस, एवढं मला पक्कं आठवतं. मग म्हणालास, "दॅट वॉज मी."

कोणी सांगितलं होतं तुला? सांग ना, कोणी सांगितलं होतं? परतीच्या वाटेत अनघा तुला बोलत होती. "तू बदललेस? न वाचता?" तू म्हणालास, "हं. वाटलं बरं चालेल." मी मागच्या सीटवर बेल्ट लावून बसलो होतो. मनात म्हटलं, घरी पोचलो की सांगतो. घरी पोचल्यावर वाटलं, ती शांत झाली की सांगतो. मग संक्रांत आली. तिळगूळ देताना तू नेहमीसारखाच खांद्यावर थाप मारलीस आणि मी तिळगूळ तोंडात टाकला. मग तीन वर्षं गेली.

अनघानं अट फिरवली. सई त्या मशीनवर बसणार नाही, कधीच नाही. तिचं चूक नव्हतं. बाप स्वतःच दोन मैलांवर अडकून पडतो म्हटल्यावर कोण आपल्या पोरीला बसवेल? तू वाद घातला नाहीस. वाद घालायचा तर खरं सांगावं लागलं असतं. सई केबिनच्या पायरीवर उभी राहून तुझ्या फेऱ्या बघायची. दुसऱ्या वर्षी ते जांभळं हेल्मेट तिला लहान झालं. तिसऱ्या वर्षी ती यायचीच बंद झाली.

इंजिन तू पुन्हा बांधून घेतलंस. हुडच्या आत तुझ्या अक्षरात मराठीत एक कागद चिकटवलास : "जेटला हात लावण्यापूर्वी बाहेर किती थंडी आहे ते पाहावे." त्याखाली तुझा सगळा तक्ता. एवढंच काय ते बोललास तू त्या विषयावर. आणि एक केलंस. त्या दोन बोटांच्या टोकांना पुढं कधी काही कळलंच नाही, बारीक वस्तू हातातून निसटायच्या. दर थंडीत जेट बदलायची वेळ आली की तू बॅटरी धरून उभा राहायचास, तक्ता वाचायचास आणि म्हणायचास, "तू लाव बे. मला धरता येत नाही." मी लावायचो. एकेक आकडा मी तीनदा विचारायचो आणि तू तीनदा वाचून दाखवायचास.

गेल्या डिसेंबरात आपण त्यावरूनच भांडलो. मी तुझ्या मागे लागलो होतो, हे विक, फ्युएल इंजेक्शनवालं घे, जेटची कटकट नको. खरं तर ते मशीन मला डोळ्यांसमोर नको होतं. तू म्हणालास, "याला काय झालंय? चांगलं तर चालतं." मी उगाच चिडलो, काहीतरी लागेल असं बोललो, तू म्हाताऱ्यासारखा चिकट आहेस वगैरे. तू म्हणालास, "बरं, बघू उन्हाळ्यात." ते तसंच राहिलं.

मला तुझे आभारही मानायचे आहेत आणि त्याचीच चीडही येते. दोन हजार एकच्या शेवटी माझी नोकरी गेली, व्हिसाचे दिवस मोजत होतो, तेव्हा तुमच्या बेसमेंटमध्ये मी चार महिने राहिलो. रोज सकाळी जाताना तू वरून ओरडायचास, "शेखर, वरण गरम करून घे रे." कधी विचारलं नाहीस, आज काय झालं, कुठून फोन आला का. कधी बोलूनही दाखवलं नाहीस. तुझ्यासमोर माणसानं मोठं कसं व्हायचं, सांग! तू सगळं आपल्या अंगावर घेऊन मोकळा. मला एक मशीन नीट करून दाखवायचं होतं तुला. एवढंच होतं त्या जेटांच्या मागे, दुसरं काही नव्हतं.

लंच अवर संपला. उद्या संध्याकाळी फोन करतो अनघाला. नक्की करतो.

रविवार.

नाही केला. म्हणजे केला, पण ती इन्शुरन्सच्या कागदांत होती, "उद्या येतोयस ना, तेव्हा बोलू" म्हणाली, आणि मी लगेच बरं म्हटलं. भित्रा तो भित्राच.

काल अकराला तो माणूस आला, दाढीवाला, मोठा ट्रेलर घेऊन. मी मशीन ड्राइव्हवेवर काढलं. तिसऱ्या ओढीला सुरू झालं, तुझ्या निगराणीचं काय सांगावं! त्यानं हुड उघडून सगळं बघितलं, पट्टा बघितला, तुझ्या कागदावर बोट ठेवून विचारलं ही कुठली भाषा. अनघा तुझं ते मोठं करडं जॅकेट घालून उभी होती. सई गॅरेजच्या दारात. मग त्यानं विचारलं, इंजिन कधी उघडावं लागलं का?

अनघा म्हणाली, "येस. माय हजबंड बर्न्ड इट अप द फर्स्ट विंटर. ही वॉज..." आणि शब्द शोधायला थांबली. कुठल्याशा परक्या माणसाला ती तुझं असं सांगत होती, उदय. मी म्हटलं, "नो. आय डिड."

तिला वाटलं मी काहीतरी समजुतीचं बोलतोय. मग मी मराठीत सगळं सांगितलं, तिथंच उभ्या उभ्या, तो माणूस आमच्याकडे आळीपाळीनं बघतोय आणि मशीन फटफटतंय. तू अर्विंगला होतास, मी जेट बदलले, त्या सकाळी बोललो नाही. अनघानं हात लांब करून किल्ली फिरवली. एकदम शांत झालं.

"परत सांग," ती म्हणाली.

परत सांगितलं.

"उदयला माहीत होतं?"

"डीलरकडे कळलं. माझ्याशिवाय कुणाचं काम असणार?"

"आणि तो म्हणाला, मी केलं."

"हो."

"आणि तू मागे बसला होतास."

"हो."

तिनं त्या माणसाला दहा मिनिटं थांबायला सांगितलं आणि आत गेली. मी मागोमाग गेलो. किचनमध्ये तिनं चहाचं पातेलं स्टोव्हवर ठेवलं, स्टोव्ह लावलाच नाही, आणि त्या पातेल्याकडे बघत बोलायला लागली. तू गेलास त्या मंगळवारबद्दल. मी तोपर्यंत एवढंच ऐकलं होतं की तू ऑफिसच्या पार्किंग रॅम्पमध्ये पडलास. "सकाळी म्हणाला, छातीत जड वाटतंय दोन दिवस. गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीय. मी डबा भरत होते. मी म्हटलं, कळतंय ना तुला? का त्या मशीनसारखं फुंकून टाकल्यावरच बघणार आहेस? तो हसला, शेखर. जॅकेट घातलं आणि गेला." तिनं पातेल्यात पाणी घातलं. "हे शेवटचं बोलले मी त्याच्याशी. तीन आठवडे मी स्वतःला समजावतेय की खोटं तर नव्हतं ना बोलले. आणि आता तू मला सांगतोयस, की तेही खोटं होतं."

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "नको. आत्ता नको म्हणूस, मी काहीतरी फेकून मारीन."  मग तिनं पातेलं बेसिनमध्ये ओतलं आणि म्हणाली, "मशीन देऊन टाक त्याला. आणि सईला तू सांग. मी नाही सांगणार. पहिल्यापासून सांग, तिच्या बाबानं काय केलं आणि तू काय केलंस."

मशीन गेलं. त्या माणसाला मी आत्ता कुठले जेट आहेत ते सांगितलं, किती थंडीला कुठले घालायचे ते दोनदा सांगितलं. तो गेल्यावर मी आणि सई गॅरेजच्या पायरीवर बसलो. समोर सिमेंटवर ऑइलचे डाग. मी तिला सांगितलं, तिला समजेल असं, अर्धं इंग्लिशमध्ये. तू पुस्तक तीनदा वाचलं होतंस हे सांगितलं. तुझ्या दोन टाक्या, टेपनं मोजलेल्या स्की, सगळं सांगितलं. मग माझं सांगितलं.  तिची बसायची पद्धत तुझीच आहे, कोपर गुडघ्यावर.

"सो ही न्यू इट वॉज यू," ती म्हणाली.

"हो बाळा."

"अँड ही टोल्ड मॉम इट वॉज हिम."

"हो."

"वॉज ही मॅड ॲट यू?"

खोटं बोलायची सोय नव्हती आता. "नाही. एकदाही नाही."

 मला वाटलं, आता म्हणेल माझा डॅड किती चांगला होता. ती उठली, तोंड लाल झालं होतं, आणि म्हणाली, "वेल, ही शुड हॅव बीन!" आणि दार आपटून आत गेली.

ती बरोबर बोलली, उदय. एकदा माझ्यावर चिडायचं होतंस रे. त्या डीलरच्या दुकानात, नाहीतर केबिनच्या मागे नेऊन, नाहीतर नुसतं माझ्याकडे बघून. मी तिथंच सगळं सांगून टाकलं असतं, आणि ती पोरगी तुझ्या मागे बसली असती.